‘बघू’ म्हणाले आणि अडकले

मंगळवार, संध्याकाळ

मी ‘बघू’ म्हणाले होते. सदाशिव पेठेत ‘बघू’ म्हणजे नाही. आमचे नवे प्राचार्य बाहेरगावचे, त्यांनी होकार धरला. आता पहिल्या वर्षाची केमिस्ट्रीची सगळी प्रॅक्टिकल्स ऑनलाइन, आणि जबाबदारी माझी.

आज चार मुली आपापल्या घरून पडद्यावरच्या एकाच आभासी प्रयोगशाळेत टायट्रेशन करत होत्या. धायरीच्या सायलीने थेंब जास्त सोडले, द्रावण गडद गुलाबी झालं. “मॅडम, मागे घेते,” म्हणाली आणि बटण दाबलं. रंग गेला. खरंच गेला. पडलेला थेंब परत येत नाही, हेच तर मी इतकी वर्षं शिकवत आले. मग आता काय शिकवतेय?

निघताना प्राचार्यांनी गाठलंच. “मॅडम, दुसऱ्या वर्षाचंही तुम्हीच बघाल ना?”

तोंडून निघून गेलं, “बघू.”