ऑक्सिजनखालचा दोन

प्रिय सफिनाझ,

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर तुझ्या क्लासची जाहिरात लागलीय, तुझ्या फोटोसकट. ‘रसायनशास्त्राची सम्राज्ञी’! त्याच खांबाला कोबीवाला आपलं गाढव बांधतो, त्यामुळे वाट अडते आणि येता-जाता तुझं दर्शन घ्यावंच लागतं. हसू नकोस, मी इथे पार वैतागून गेलेय. बारावीचं एक पोर शाळेत फिरकत नाही. अख्खं दमनहूर शहर तुम्हा क्लासवाल्यांच्या दारात. मी रिकाम्या बाकांसमोर खडू घेऊन उभी, आणि मुख्याध्यापक म्हणतात, “बाई, बसा हो, चहा घ्या. फळ्याला शिकवताय का?”

म्हटलं, जाऊ दे, घरात तरी एक विद्यार्थिनी आहे. लमीसला मीच शिकवीन. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, यापेक्षा सोपं समीकरण आहे का सांग. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. तर हिने काय करावं? पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली बारीकसा दोन घातला आणि म्हणाली, “झालं की सारखं!” झालं कसलं डोंबल! पाण्याऐवजी हिची मावशी केस पिवळे करायला लावते ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं. सूत्राला हात लावायचा नाही, आकडा त्याच्या आधी लिहायचा, हे मी शांतपणे सांगितलं. पुन्हा सांगितलं. तरी तेच. मग माझा आवाज असा चढला की चुलीवरची मुलुखियाची पातळ पालेभाजी उतू गेली आणि शेजारच्या उम्म हानीने खिडकीतून विचारलं, “अगं, कुणी गेलं का तुमच्यात?”

लमीस रडली नाही. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “आई, तू शिकवत नाहीस, नुसत्या चुका पकडतेस. तुझ्या वर्गातली पोरं पळाली, मी कुठे पळू?” फार लागलं गं मला. राग तर इतका आला, पण कुणाचा ते कळेना. तेव्हापासून मी खोलीत आले की ती पुस्तक मिटते. जूनमध्ये परीक्षा, तिला फार्मसीला जायचंय, आणि साधे अणू मोजताना पोरगी दहादा खोडरबर फिरवते. रसायनाच्या बाईंची लेक ही!

म्हणून हे पत्र. तुझ्या क्लासला मी आजवर सगळ्यांदेखत तबेला म्हणत आलेय, तुझ्या कानावर आलंच असेल. तरी शनिवारपासून लमीसला तुझ्याकडे पाठवतेय. तुझ्यासमोर चुकायची तिला भीती वाटणार नाही. मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस, नाहीतर यायची नाही. जमलं तर पुढच्या रांगेत बसव. आणि ज्या दिवशी तिचं पहिलं समीकरण बरोबर येईल, त्या दिवशी मला फोन कर. ती मला सांगणार नाही.

तुझीच,
इन्शिराह