शिट्टी वाजली होती

महाळुंगे,
१३ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोन बंद लागतो म्हणून घाबरू नकोस. सिम मीच काढून ठेवलंय. कोणीतरी माझा नंबर ग्रुपवर टाकला आणि दिवसभर शिव्या यायला लागल्या. तू इकडे येऊ नकोस. कोपऱ्यावर पोरं उभी असतात, तुझं घर त्यांना कळायला नको. आमच्या कंपनीच्या बसवरचे किसनकाका पुनावळ्यातच राहतात, ते पत्रं पोचवतील.

गुरुवारच्या फुटबॉल फायनलचं दाजींनी सांगितलंच असेल, ते बघायला आले होते. निघोजे गावच्या टीमशी एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. त्यांचा कॉर्नर होता, मी गोलच्या खांबाला उभा. नुसता ढोलांचा गोंगाट. तेवढ्यात माझ्या मागे शिट्टी वाजली. आईची शपथ, वाजली. आमच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, शिट्टी झाली की हातात असेल ते सोडून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. शेजारच्या मशीनवरच्या प्रितमची दोन बोटं आत गेली तेव्हापासून रोज सकाळी हीच कवायत. माझे हात आपोआप वर गेले आणि बॉल येऊन हातावरच बसला. पेनल्टी, गोल, हरलो. पंच शेखर सर म्हणतात, त्यांनी शिट्टी वाजवलीच नव्हती.

आता चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. कोण म्हणतो मी मॅच विकली. कोण म्हणतो, मुद्दाम असो नसो, हात खांद्याच्या वर म्हणजे पेनल्टीच. व्हिडिओ शंभरदा बघतात, पण टाकणाऱ्यानं त्यावर गाणं चढवलंय, शिट्टी ऐकू येणार कशी? सगळ्यात जास्त शिव्या माझ्याच प्रेसशॉपवाल्यांच्या. आमचा कॅप्टन दिग्विजय माझ्या खोलीमालकांचा मुलगा. त्यानं निरोप धाडलाय की २३ तारखेला, गुरुवारी पाच वाजता मैदानावर गावासमोर ये. शिट्टी वाजवणारा दाखव, नाहीतर मॅच विकल्याचं कबूल कर. काल माझ्या गाडीचे दोन्ही आरसे फोडले. मला भीती वाटते गं. शिफ्ट सुटल्यावर एकटा निघत नाही.

दिव्याला पापा. लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझा,
गणराज

पुनावळे,
१६ जानेवारी

चि. गणराजास अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाठवलाय. टपरीवर वाट, निदान अर्धा तास तरी गोड बोलतील. थट्टा करतेय खरी, पण तुझं पत्र आल्यापासून, बंद आहे माहीत असूनही, दहादा तुझाच नंबर लावते. शाळेत मास्तरांनी छडी नुसती उचलली तरी तू हात पुढे करायचास. तुझे हात पहिल्यापासून तुझ्या आधी पळतात.

इथे सोसायटीतही तोच व्हिडिओ. मी सुमनताईंकडे पोळ्या करते ना, त्यांचा मुलगा पोरांना फुटबॉल शिकवतो. तो म्हणाला की प्रेक्षकाच्या शिट्टीनं खेळाडू फसला तर पंचांनी खेळ थांबवायचा असतो, पेनल्टी द्यायची नसते. पण वाजवणारा पुढे यायला हवा. एवढ्या पोरांपुढे कोण येणार?

तुझ्या दाजींचंही काही खरं नाही. मॅचपासून तोंडाला कुलूप. तुझं पत्र वाचून दाखवलं तर भाकरी टाकून उठले. गेटवर वॉचमनकीला लागते ती त्यांची शिट्टी हरवली म्हणून सोसायटीत सांगितलं, आणि मला काल ती ज्वारीच्या डब्यात तळाशी सापडली. विचारलं तर डबाच माझ्या हातातून काढून घेतला. मला काही समजेनासं झालंय. का समजून घ्यायचंच नाहीये, कोण जाणे.

जपून राहा, आणि तुझ्या हातची चिठ्ठी येत राहू दे.

तुझी,
आक्का

पुनावळे,
२० जानेवारी

चि. गणराजास,

आशीर्वाद द्यायचं तोंड राहिलेलं नाही, पण मोठा आहे म्हणून देतो.

शिट्टी मी वाजवली. ड्यूटीवरून सरळ आलो होतो, ती गळ्यातच होती. गोलमागे पाण्याचा टँकर रिव्हर्स येत होता आणि मागे दोन लहान पोरं बसलेली. अकरा वर्षं गेटवर शिट्टीनं गाड्या थांबवतोय, शिट्टी तोंडात कधी गेली कळलंच नाही. टँकर थांबला. वळून बघतो तर तुझे हात वर.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दिग्विजय ओरडत होता की शिट्टी वाजवणारा सापडला तर त्याचे दात घशात घालीन. मी शिट्टी शर्टात घातली आणि बस पकडली. तुला तिथे टाकून. गुरुवारी येतो. रजाही टाकलीय. तुझ्या आक्काला कळवू नकोस.

तुझा अपराधी,
ज्योतीराम

महाळुंगे,
२२ जानेवारी

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

येऊ नका. तुमच्या पाया पडतो. पोरांनी मैदानाजवळच्या टपरीत हॉकी स्टिका आणून ठेवल्यात. तुमच्यामागे आक्का आहे, दिव्या आहे. मी मॅच विकली म्हणून सांगून टाकतो. खोली जाईल, दुसरी बघेन. तुमच्या शिट्टीनं दोन पोरं वाचली, माझी तर नुसती पेनल्टी गेली. माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण घरीच बसा.

तुमचा,
गणराज

पुनावळे,
२३ जानेवारी

चि. गणराजास आशीर्वाद.

तुझं पत्र किसनकाकांनी रात्रपाळीहून येताना दिलं. वर तुझ्या दाजींचं नाव होतं तरी फोडलं, कारण दाजी पहाटेच ड्यूटीला म्हणून गेले होते. फोन घरीच, चार्जिंगला. गेटवर विचारलं तर म्हणे रजा टाकलीय. ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. शिट्टी नाही.

सगळं कळलं. रागवायचं नंतर बघू. दिव्याला सुमनताईंकडे ठेवून मीच निघालेय. खोलीवर नसलास तर हे दाराखालून सारते आणि मैदानावर येते. मॅच विकली म्हणालास तर याद राख.

तुझ्या दाजींना बोलता येणार नाही, घाबरले की त्यांची जीभ अडकते. मी त्यांना सांगणार आहे, काही बोलू नका, सगळे भांडत असतील तेव्हा मधेच जोरात शिट्टी फुंका. तिथे निम्मे तुझ्याच प्रेसशॉपचे असतील. शिट्टीसरशी कोणाकोणाचे हात तुझ्यासारखे डोक्यावर जातात ते दिग्विजयला मोजू दे.

आणि नाही गेले तर आपण तिघं तरी एका जागी असू. माझं अक्षर लागत नसेल, उभ्यानंच लिहितेय. सिम घाल रे.

तुझी,
आक्का