गाडीच्या बदल्यात माझी तक्रार नाही

दादा,

मी वर्षाआत्याला घेऊन पोलीस ठाण्यात चाललेय. फोन करू नको, उचलणार नाही.

पृथ्वीराज महिनाभर राजारामपुरीतल्या क्लासपासून माझ्या मागं येत होता, घाण मेसेज टाकत होता. तुझ्या तालमीतला दोस्त म्हणून मी आधी तुला सांगितलं. आणि तू काय केलंस? चौकात त्याची गाडी फोडलीस! झालं, आता आरोपी तू आणि बिचारा तो.

काल तालमीत थोरल्यांनी तुम्हा दोघांना चहा पाजून मिटवलं म्हणे. त्यानं गाडीची तक्रार मागं घ्यायची, आपण माझी करायचीच नाही. पप्पा मान डोलवून आले. मला कुणी विचारलं? मी काय फुटलेला हेडलाइट हाय व्हय, भरपाईत धरायला?

मी तक्रार दिली की तो तुझ्यावरची केस सोडणार नाही. तुझी पोलीस भरती अडकेल, ते कळतंय मला. त्यापायी रात्रभर रडलेय. पण गाडी मी फोडायला सांगितली नव्हती.

कुकरमध्ये भात हाय. माझ्यासाठी भांडायचंच असेल तर आज पप्पांशी भांड, त्यांना ठाण्यात घेऊन ये. माझ्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून मला त्यांची सही पाहिजे.

निशिगंधा