अगदी एकसारखे ठोके

उटनूर, ३ डिसेंबर १९९४
हरले मी! आदिलाबादहून आल्यापासून हे भेटेल त्याला सांगत सुटलेत — “डॉक्टर म्हनते, माहं हृदय घड्याळावानी चालते!”

अहो, ते कौतुक नव्हतं! हर्नियाच्या ऑपरेशनआधीची तपासणी होती. ह्यांचा मधुमेह जुना, म्हणून डॉक्टरांनी सावकाश खोल श्वास घ्यायला लावून ईसीजीची पट्टी काढली, ठोक्यांमधली अंतरं मोजली. मला म्हणाले, “श्वास घेताना ठोके जरा जलद व्हायला हवेत, सोडताना संथ. यांचे बदलतच नाहीत. साखरेनं नसा खराब झाल्यात. भूल दिली तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. आधी हैदराबादला दाखवा.”

हे शर्टाची बटणं लावत होते.

४ डिसेंबर
सासूबाईंना समजावून पाहिलं. “एकसारखं चालते तं बिघडलं काय? हेमचंद्राले काऊन भेव घालून राह्यली?”

घ्या!

७ डिसेंबर
ह्यांनी आदिलाबादचाच दुसरा दवाखाना गाठला. ऑपरेशन सोमवारी. तिथं ठोक्यांचं सांगितलंच नाही! “सांगतलं तं ते करनार नाई,” म्हणे.

अहो, म्हणूनच तर सांगायचं! भिंतीशी बोलावं त्यापेक्षा.

९ डिसेंबर
शाळेतून अर्धी रजा टाकून आदिलाबादची बस धरली. ह्यांना न सांगता. त्या दवाखान्यातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर पट्टी ठेवली. बराच वेळ पाहिली त्यांनी. “अच्छा किया अम्मा, बता दिया.” ऑपरेशन रद्द.

घरी नुसता जाळ! ह्यांनी ताट सरकवलं. “मी लहान पोरगं आहो काय? माह्या माघारी जाऊन आली!”

१० डिसेंबर
अबोला.

११ डिसेंबर
चहासुद्धा सासूबाईंमार्फत मागतात. तीन माणसांच्या घरात! जीव ह्यांचा, आणि झोप माझी उडालेली. उद्या तोंडावर बोलणार — एवढा कसला माज?

१२ डिसेंबर
मी बोलायच्या आधीच हे स्वयंपाकघराच्या दारात आले. चौकट घट्ट धरून उभे.

“उठून उभा राह्यलो का डोळ्यापुढं अंधारी येते. साल झालं. सांगतलं नाई तुले.”

मी गॅस बंद केला.

“हैदराबादले तू संग येशीन नं, चारू? मले भेव वाटते.”