शुद्धिपत्रातील सतरावी नोंद

३ नोव्हेंबर १९७०, मंगळवार

छापखान्यातून शुद्धिपत्र आले. दोन पाने, एकेचाळीस दुरुस्त्या. तीन वेळा तपासले — एकही मुद्रणदोष नाही!

जुने पोलिसी बिल्ले, टोपीवरची चिन्हे, शिपायांच्या पट्ट्यांवरची पितळी बक्कले जमविणाऱ्यांसाठी मनोहररावांनी १९६४ साली संदर्भग्रंथ काढला. नागपुरात इतवारीतील कापडाचे व्यापारी. हौस मोठी, शिस्त शून्य. आकडे ऐकीव, सनावळ्या अंदाजाने. मी निवृत्त इतिहासाचा प्राध्यापक. मार्चनंतर हातांना काही काम हवे होते म्हणून हा ग्रंथ तपासावयास घेतला. "एकेचाळीस? सर, तुमी तर माह्या पुस्तकाचे सारे दात पाडून ठेवले!" असे म्हणून ते स्वतःच हसले. ज्यांनी ज्यांनी ग्रंथ घेतला त्या प्रत्येकास शुद्धिपत्र टपालाने धाडणार आहेत. एवढी सज्जनता मान्य केली पाहिजे.

सतराव्या दुरुस्तीचे विशेष समाधान आहे. ग्रंथात बक्कल क्रमांक ३४६ हे संपूर्ण १९४२ सालात रामाजी या शिपायाचे दाखविले आहे (रामाजी मृत, १९५१). साफ चूक! १ जुलै १९४२ च्या हुकुमाने जिल्ह्यातील सर्व शिपायांचे क्रमांक बदलले. त्या तारखेपासून ३४६ हे रुपराव यांचे. हुकूम मी मूळ दफ्तरात पाहिला आहे, सहीशिक्क्यासह.

आजवरचे प्रत्येक मुद्रित आम्ही पतिपत्नींनी मिळून तपासले. सुभद्रा मूळ प्रत मोठ्याने वाची, मी मुद्रितावर बोट फिरवी. विरामचिन्हेही उच्चारावी लागत. ती सवय तिला इतकी जडली की भाजीवाल्यालाही "अर्धा किलो वांगी, स्वल्पविराम, कोथिंबीर" असे सांगे. मार्चमध्ये, रुग्णालयातील तिच्या शेवटच्या आठवड्यात, पाणी मागितले आणि "पूर्णविराम" म्हणाली. परिचारिका हसली.

या वेळी दोन्ही कामे मीच केली. मीच वाचले, मीच ऐकले.


७ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभरात कोणाशीही बोललो नाही. नोंद करण्याजोगे दुसरे काही नाही.


१३ नोव्हेंबर, शुक्रवार

खाप्याहून एक अंतर्देशीय पत्र. लेखक कृष्णकांत, तेथील शाळेत चित्रकला शिक्षक. अक्षर अतिशय वळणदार, मजकूर दोनच प्रश्नांचा. सतरावी दुरुस्ती खात्रीची आहे काय? आणि रुपराव हयात आहेत काय?

संग्राहक मंडळी सहसा आभारही मानीत नाहीत. येथे एका वाचकाने नेमकी महत्त्वाची जागा हेरली! सविस्तर उत्तर लिहिले. हुकुमाचा क्रमांक व दिनांक दिला. रुपराव निवृत्त असून पारशिवनीनजीक शेती करतात, हेही कळविले. निवृत्तांच्या यादीत गावासह नाव आहे. शेवटी लिहिले — "शंकेस जागा नाही."

बऱ्याच महिन्यांनी पत्रपेटीपर्यंत चालत गेलो.


१९ नोव्हेंबर, गुरुवार

कृष्णकांत आज घरी आले होते. चाळिशीचे, किरकोळ बांध्याचे, सदऱ्याची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. मी माझ्या संग्रहातील बिल्ले दाखवावयास घेतले. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलेदेखील नाही.

"मी हे काही जमवत नाही, सर. मी ते पुस्तक एका ओळीसाठी घेतलं."

मग सांगितले. आवाज कोठेही चढला नाही. बेचाळीसच्या ऑगस्टात त्यांच्या गावच्या बाजारात पोलिसांनी गोळी चालविली. वडील त्यांचा हात धरून उभे होते; गोळी त्यांनाच लागली. "मी अकरा वर्षांचा होतो. माझ्यासमोर त्या शिपायाचं पोट होतं, न् पोटावर नंबर. तोंड पाहायले मान वर करावी लागली असती. मी केली नाही. नंबरच पाहत राहिलो."

माझ्या टेबलावरचे एक पाकीट त्यांनी उलटे केले व पेन्सिलीने त्यावर बक्कल काढून दाखविले. दोन मिनिटांत! आकडे पत्र्यावर वेगळे डाख देऊन बसविलेले; चाराच्या पोटाशी डाखाचा थेंब; उजवा कोपरा किंचित वाकलेला. जाणकाराच्याही नजरेतून निसटावे असे तपशील. मी मनापासून दाद दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"पुस्तकात पाहिलं, तो माणूस एक्कावन्नमध्येच मेला. कन्हान नदीवर गेलो, आंघोळ केली, वडिलांच्या नावानं पाणी सोडलं. सहा वर्षं सुखानं झोपलो, सर. मग तुमचा कागद आला."

चहा तसाच राहिला. जाताना त्यांनी नमस्कार केला. "तुमचे फार उपकार झाले," म्हणाले. शुद्धिपत्राची घडी त्यांच्या वरच्या खिशात होती. प्रत तर ग्रंथात चिकटविण्यासाठी दिली होती — त्यांनी ती जवळ बाळगली आहे.

पत्ता मीच दिला आहे.


२० नोव्हेंबर, शुक्रवार

मनोहररावांना सारे सांगितले. "काहून घाबरता, सर? ड्रॉइंगचा मास्तर! फार तर तो त्या शिपायाचं चित्र काढीन न् काय करीन!" दुकानातील नोकरही हसले.

मला त्या गृहस्थांचे नमस्कारासाठी जोडलेले हात दिसत आहेत. अतिशय स्थिर होते.

रात्री मूळ हुकुमाची नक्कल पुन्हा वाचली. अक्षर न अक्षर बरोबर आहे. बरोबर असल्याचे वाईट वाटावे, हा अनुभव नवा आहे.


२४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचे नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी धोंडबांकडे गेलो. पोलिसांच्या भांडारात त्यांनी तीस वर्षे पट्टे, पगड्या, बक्कले यांचे वाटप केले. आता वय अठ्ठ्याहत्तर. टोपीच्या बिल्ल्याबद्दल एक किरकोळ शंका होती. बोलता बोलता, केवळ विद्वत्ता मिरविण्यासाठी, मी जुलै बेचाळीसच्या हुकुमाचा उल्लेख केला.

म्हातारा एवढा हसला की खोकला लागला.

"हुकूम निघाला, बरोबर हाय. मंग? हुकूम काय पट्ट्यावर बांधता येते, प्रोफेसर साहेब? पितळ सारं लढाईत गेलं होतं! नवे बक्कल आले ते दुसऱ्या सालची होळी झाल्यावर. मीच वाटले ना या हातानं. तवरक सारे जुनेच नंबर घालून फिरून राहिले होते."

मी म्हणालो, कागदपत्रांत तसा उल्लेख नाही.

"कागदाले काय मालूम? कागद कदी परेडले उभा राहिला काय?"

नंतर त्यांनी सहज पुस्ती जोडली. नवी बक्कले एकसंध ओतीव होती, आकड्यांसकट. डाख दिलेले आकडे फक्त जुन्यांवर.

डाख दिलेले आकडे! ते चित्र पाकिटावर काढलेले आहे, माझ्या टेबलावर आहे, मी त्याला दाद दिली आहे. त्या मुलाने पाहिले ते जुने बक्कल. जुने ३४६ रामाजीचे. मनोहररावांचा गबाळा ग्रंथ बरोबर होता. चूक फक्त माझी. पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकविले की मूळ दस्तऐवज पाहा. मी पाहिला, आणि आदेशाची तारीख हीच घटनेची तारीख धरून चाललो.

घरी येताच कृष्णकांतांना पत्र लिहिले. सविस्तर, पुराव्यासह, निःसंदिग्ध. टपाल कचेरी बंद होण्यापूर्वी रजिस्टर केले. परंतु पत्रावर विसंबून भागणार नाही. परवा पारशिवनीस जातो.


२६ नोव्हेंबर, गुरुवार

एस.टी.ने पारशिवनी, तेथून दोन मैल पायी.

रुपराव मिरचीच्या शेतात होते. वय पासष्टच्या पुढे, पाठ अजून कवायतीतली. मला पाहताच हातातले टाकून ताठ उभे राहिले. घरात एकटेच असतात. पत्नी वारली, मुली सासरी. आम्ही दोघे बांधावर बसलो. मी कसा आरंभ करावा याचा विचार करीत होतो, तोच त्यांनीच विचारले.

"रविवारी एक मानूस आला होता जी, खाप्याहून. तुमच्यापैकीच का? बांधावर उभा राहिला. म्हने, तुमचं बक्कल कितीचं होतं? मी म्हनलो, तीनशे शेचाळीस! कोनी विचारते काय आता? मले तं आनंदच झाला. त्याचं तोंड असं पांढरंफट पडलं. बसा म्हनलं, पानी देतो. बसला नाही. 'मी पुन्हा येतो' म्हने, न् गेला."

मी सर्व सांगितले. बाजार, गोळी, अकरा वर्षांचा मुलगा, माझे शुद्धिपत्र. आपली चूक मी लपविली नाही. ते ऐकत होते आणि मातीत काडीने रेघा ओढीत होते.

"मी त्या ऑगस्टात खजिन्यावर पहाऱ्याले होतो, नागपुरात," शेवटी म्हणाले. "रामाजीसंगं मी एका ताटात जेवलो. त्यानं कदी सांगतलं नाही."

मी म्हणालो की कृष्णकांतांस पत्र गेले आहे, ते वाचतील.

"कागद वाचून कोनाचा राग जाते काय जी? अठ्ठावीस वर्षं! तुमच्या एका कागदानं तो इथवर आला. दुसऱ्या कागदानं तो माघारी जाईन?"

तेव्हा मला जे योग्य वाटले ते मी स्पष्टपणे सांगितले. तो मनुष्य वरकरणी शांत आहे. अशांची खात्री देता येत नाही. तो येण्याची शक्यता मोठी आहे. एकटे राहू नये, बेसावध राहू नये, मुलीकडे काही दिवस जावे.

"मिरची तोडनीले आली. कुठं जाऊ?" मग जणू स्वतःशीच — "बरं झालं सांगतलं. नाहीतं मी पुन्हा पानीच देत बसलो असतो."

बसपर्यंत पोचवावयास आले. वाटेत दोनदा मागे वळून पाहिले. रस्त्यावर कोणीही नव्हते.


२७ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप लागली. दोन्ही बाजूंस सूचना दिली आहे. याहून अधिक एका माणसाला काय करता येईल?


३० नोव्हेंबर, सोमवार

खाप्याहून पोचपावती आली. कृष्णकांतांची सही, तेच वळणदार अक्षर. पत्र त्यांच्या हाती पडले, हे निश्चित. छातीवरचा दगड उतरला!

लगेच दुसरे शुद्धिपत्र सिद्ध केले: "सतरावी दुरुस्ती रद्द समजावी. ग्रंथातील मूळ नोंदच बरोबर." मनोहरराव कपाळाला हात लावून म्हणाले, "दुरुस्तीची दुरुस्ती! लोक म्हनतीन, सर भांग घेऊन राहिले काय?" पण स्वतःची नोंद खरी ठरल्याने फार खूश होते. नोकराला जिलबी आणावयास पाठविले.

संध्याकाळी मुद्रित तपासावयास बसलो. "सतरावी दुरुस्ती रद्द समजावी" — एवढे मोठ्याने वाचले आणि थांबलो. पूर्णविराम उच्चारावयाचा राहिला होता. उच्चारला.

खोलीत बराच वेळ दिवा लावला नाही.


२ डिसेंबर, बुधवार

खाप्याहून उत्तर नाही. रागावले असतील. त्यांना तो अधिकार आहे.


४ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी पारशिवनीहून हवालदार येऊन जबाब घेऊन गेला.

काल कृष्णकांत रुपरावांच्या शेतावर गेले. बांध ओलांडला आणि पिशवीत हात घातला, तोच रुपरावांनी कुऱ्हाडीचा घाव घातला. एकच पुरला. नंतर ते स्वतःच चालत ठाण्यात गेले. म्हणाले, "नागपूरचे सर सांगून गेले होते, तो येईन म्हून."

पिशवीत नारळ होता, शेला होता आणि माझे पत्र होते. पत्राचे शेवटचे वाक्य हवालदाराने मला वाचून दाखविले व अक्षर माझेच ना, असे विचारले. होय. माझेच. "आपण त्या निरपराध गृहस्थांस प्रत्यक्ष भेटून त्यांची क्षमा मागावी, हे उचित होईल."