इंद्रभानकाकांच्या गाडीचे दोन्ही डोळे

साखरखेर्डा,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप निवृत्तीमामा आणि मामी, तुम्हा दोघांच्या पायांवर प्रज्वलचं डोकं (मामींच्या गुडघ्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं). इकडे आई, बाबा, म्हैस आणि मी ठीक आहोत. तुमच्या लॉजवर गर्दी चांगली असेल, मामींनी तेल चोळणं सोडलं नसेल, असं धरून चालतो.

पत्र पाहून वाटेल, याच्या फोनला काय झालं. फोनला काही होत नाही, मला होतं. मागच्या वेळी 'कॉलेजात परत कधी जातोस' हे तुमचं वाक्य संपायच्या आत मी फोन ठेवला आणि नंतर रेंज गेली म्हणालो. रेंज गेली नव्हती. आई म्हणते, पत्रात राग आला तरी माणूस निदान वाक्य पूर्ण करतो. पिकअपवाला दीपक उद्या दर्शनाला शेगावला येतो आहे, त्याच्या हाती हे पाठवतो. त्याला चहा पाजा, पण पत्रात काय आहे ते सांगू नका. तो परत येताना चिखलीपासूनच सांगत येईल.

तर कॉलेज सोडल्यापासून (सरांशी झालेला वाद तुम्हाला माहीतच आहे, खुर्ची मी फेकली नव्हती, ती पडली) मी गाड्यांचे हेडलाइट साफ करून देतो. हसू नका. हेडलाइटची काच ही काच नसतेच मामा, प्लास्टिक असतं, आणि आपल्याकडचं ऊन दहा वर्षं खाल्लं की ते कावीळ झाल्यासारखं पिवळं पडतं. सुरुवातीला मी टूथपेस्टनं घासायचो. दोन दिवस गाडी छान दिसायची, पुदिन्याचा वास यायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी. मग मोबाइलवर पाहून रीतसर शिकलो. आजूबाजूच्या रंगाला चिकटपट्टी लावायची (दीपकच्या पिकअपला लावायची राहिली होती, म्हणून तिच्या तोंडावर ते दोन चट्टे आहेत), मग पाणी पेपर, म्हणजे ओला करून घासायचा खरखरीत कागद, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, वर सतत पाण्याची धार. मग कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) चोळायचं आणि शेवटी क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, फवारा मारायचा, म्हणजे पुन्हा ऊन लागत नाही. तो कोट चोवीस तास ओला असतो. हे चोवीस तास लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सोमवारी इंद्रभानकाकांनी बोलावलं. आपल्या मागच्या गल्लीतले, टोमॅटो आणि मिरचीवाले. त्यांची पांढरी गाडी माझ्या दहावीच्या वर्षी जुनीच विकत घेतलेली, म्हणजे आता किती जुनी ते ब्रह्मदेवाला ठाऊक. बोलावल्यावर मी लगेच गेलो असं नाही. आधी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला (आई म्हणाली, घासायच्या कामाला कोण इस्त्रीचा घालतं) आणि मग धावत गेलो. त्यांची मुलगी अपेक्षा घरी होती. तिची माहिती तुम्हाला माझ्याहून जास्त आहे, का ते येईलच. ती एम.एस्सी. झाली, रसायनशास्त्रात, क्लिअर कोटच्या डब्यावरची बारीक इंग्रजी सूचना तिनंच मला वाचून दाखवली. पाण्याची धार कोण धरणार असा प्रश्न आला तेव्हा ती तांब्या घेऊन बसली. दीड तास ती पाणी ओतत होती आणि मी घासत होतो. एवढ्या वेळात आम्ही एकूण नऊ शब्द बोललो, त्यातले चार 'इकडे' होते. पण मामा, इतका बारीक हात मी आयुष्यात चालवला नाही.

आता, पेपर मारला की लाइट आधी आणखी बिघडतो. पांढरा फट्ट होतो, ताकासारखा. कंपाउंड लागल्यावरच निवळतो. काका नेमके त्या मधल्या वेळेला बाहेर आले. महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, डावा अजून बाकी आहे. चांगला डोळा गाडीकडे करून ते म्हणाले, "काऊन बे, माह्या गाडीले मोतीबिंदू करून राह्यला का?"

मी पेपर बादलीत टाकला आणि निघालो. एस.टी. स्टँडपर्यंत गेलो. तिथे चहा पिताना आठवलं की माझी चिकटपट्टी तिकडेच राहिली, आणि तीही. (चिकटपट्टी नव्हे, तुम्ही समजलात.) म्हणून परत गेलो. कंपाउंड घेतलं आणि उजवा लाइट आरपार करून दाखवला. काकांनी चांगला डोळा लाइटला लावला. डॉक्टरांनीही आपल्याला आधी धूसर दिसेल असंच सांगितलं होतं, असं म्हणाले आणि डावाही करायला सांगितला. एवढ्यावर माफी समजायची. मी समजलो.

डाव्याला पट्टी लावत होतो तेव्हा रुख्मिणीकाकू चहा घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या. रविवारी शेगावहून पाहुणे आणायचे आहेत. मुलगा नाशिकला कंपनीत आहे, रेल्वेनं शेगावला उतरणार, दर्शन घेणार, तुमच्याच लॉजवर हातपाय धुणार. परतताना चिखलीच्या पुढे अंधार पडतो आणि या पिवळ्या लाइटांत काकांना रस्ता दिसत नाही. लाइट झाले तर कार्यक्रम, नाही झाले तर पुढे ढकलायचा. आणि स्थळ आणलं तुझ्या निवृत्तीमामांनी.

मामा, मी तुमच्यावर रागावलो नाही. (हे वाक्य पूर्ण केलं, पाहा.) तुम्हाला काय माहीत. मी काम सोडूही शकलो असतो, पण हातात घेतलेलं काम ते काम. शिवाय रागात कंपाउंड फार छान लागतं. डावा लाइट उजव्याहून सरस झाला. कोट मारला आणि तिला बजावलं, उद्यापर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. ती हो म्हणाली.

तासाभरानं कोटचा डबा न्यायला गेलो तर ती ताट घेऊन गाडीपुढे उभी. काकू म्हणत होत्या, अगं दसरा आहे का आज? ती म्हणाली, गाडी नव्यासारखी झाली, पूजा नको? आणि दोन्ही लाइटांवर, ओल्या कोटात, हळदीचं एकेक स्वस्तिक, अगदी सावकाश, रांगोळी काढावी तसं. वर कुंकवाचं बोट. हळद कोटात उतरून बसली. मी डोक्याला हात लावला. शिकलेल्या माणसानं असं करू नये, असंही बोलून गेलो.

तिनं विचारलं, "आता पुन्हा सगळं घासावं लागेल ना? रविवारपर्यंत होईल का रे?"

"रविवार काय घेऊन बसलीस," मी म्हणालो, "उद्या दहाला तयार."

ती ताट घेऊन आत गेली. मला वाटलं, चुकीची लाज वाटली असेल. आणि काल मी खरंच दहाला तयार करून दिले. कोट आज वाळला. काका खूश आहेत, गावभर सांगत आहेत. तेव्हा रविवारी गाडी वेळेवर येईल, काळजी नसावी.

मामींना नमस्कार आहेच.

तुमचा भाचा,
प्रज्वल

ता. क. शेगावात दोन हजार नंबरचा पाणी पेपर मिळाला तर दीपकजवळ द्यावा. अपेक्षाबद्दल वर जे आलं ते कामाच्या ओघात आलं, त्याचा भलता अर्थ काढू नये.

आणखी ता. क. पाकिटाला डिंक लावला आणि वाळला का ते पाहायला बोट लावलं. बोटाचा ठसा उमटला. मामा, डब्यावरची चोवीस तासांची सूचना तिनंच वाचली होती. ती रसायनशास्त्राची. रविवारपर्यंत होईल का, हे तिनं ज्या आवाजात विचारलं तो आवाज मला आज, डिंकाच्या बोटानं, ऐकू आला. आणि मी छाती काढून 'दहाला तयार' म्हणालो. पाकीट फोडून हे लिहितो आहे. रविवार टळावा म्हणून आत्ता काकांकडे गेलो, एक हात अजून मारतो म्हणालो, तर ते म्हणाले, आता गाडीले हात लावशील तर पाहाय.

म्हणून विनंती एवढीच. रविवारच्या आत तुम्ही फोन करा, काकांना नको, तिला. हे स्थळ तिला हवं आहे का एवढंच विचारा. माझं नाव तिनं घेतलं तरच घ्या. तिचं उत्तर नाशिक असेल तर मला पत्रानं कळवा, फोननं नको. मी शेवटपर्यंत वाचीन.

शेवटचा ता. क. गाडी आली तर डाव्या लाइटच्या खालच्या कोपऱ्यात पाहा. हळदीचा एक ठिपका राहिला आहे, तिळाएवढा. तो निघत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. निघतो.