सात तास अस्वलाच्या ताब्यात

तीर्थरूप गुन्वोर आत्या हिला योरुनचा वाकून नमस्कार. (बोट इतकी हलते आहे की इथे सगळेच वाकलेले आहेत, पण माझा नमस्कार मनापासूनचा.) तुझा गुडघा कसा आहे? माझी कंबर सोडली तर बाकी मी ठणठणीत. तू दिलेला रानफळांचा मुरंबा ग्रीनलंड दिसायच्या आतच संपला. कुणी संपवला ते विचारू नकोस, मुदपाकखान्याची किल्ली माझ्याकडेच असते.

शास्त्रज्ञांच्या जहाजावर स्वयंपाकिणीला एवढं लिहिण्यासारखं काय घडतं, असं तुला वाटेल. तर ऐक. दोन वर्षांपूर्वी आम्ही इथे एक दोर समुद्रात उभा सोडून आलो होतो. तळाला नांगर म्हणून रेल्वेची जुनी चाकं, वरच्या टोकाला नारिंगी गोळे, आणि मधल्या कोसभर दोराला पाण्याची ऊब नि वेग मोजणारी यंत्रं. जहाजावरून आवाजाची खूण केली की खालची कडी सुटते आणि चाकं सोडून सगळं वर येतं. म्हणजे, यायला हवं. त्यातली एक पेटी आयलर्टची. (आयलर्ट म्हणजे आमचा म्हातारा शास्त्रज्ञ. चौसष्टचा आहे, तुझ्यापुढे पोरच. मोजे नेहमी दोन रंगांचे.) बाकीच्यांना पाण्याची ऊब हवी, ह्याला देवमाशांची गाणी. ते भर हिवाळ्यात, बर्फाखाली, मिट्ट काळोखात गातात आणि म्हणे दरवर्षी नवी गाणी रचतात. मागच्या खेपेला पेटीत पाणी शिरलं होतं. यंदाची त्याची शेवटची सफर, त्याच्यानंतर हे काम करणारं कुणी नाही.

शनिवारी सकाळी खूण केली आणि गोळे वर आले, ते नेमके एका हिमखंडाला खेटून. शनिवार म्हणजे वाफलचा दिवस. मी भाजत होते, वारा तिकडेच वाहत होता, आणि पाहते तो हिमखंडावर अस्वल! नाक वर करून आमच्याकडे बघतंय.

"योरुनबाई, तवा बंद!" कप्तान स्टाइनार ओरडला. "अस्वलाला हुसकावणं गुन्हा, तसं भुलवणंही गुन्हा. मला तुमच्या वाफलपायी कोर्टात जायचं नाही."

वास बंद झाला, जहाज मागे घेतलं, तसं ते अस्वल आमचा नाद सोडून गोळ्याच्या नादी लागलं. ढकल, हुंग, चाव, पुन्हा ढकल. त्याच्या दातांत दोर आला की अख्खं जहाज श्वास रोखायचं. दोर तुटला असता तर दोन हिवाळे तळाला गेले असते. असे सात तास! बावीस माणसं कुरकुरीत कोरड्या पावावर आणि तपकिरी चीजवर, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. जणू अस्वलाला मीच आवतण धाडलं होतं.

आयलर्टने मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही. कठड्याशी दुर्बीण लावून उभा, पोटात अन्नाचा कण नाही. शेवटी मीच ताटली घेऊन गेले. म्हटलं, "रागाव तरी एकदा. वाफल माझेच होते."

"कशाला? त्याला कळत नाहीये हे काय आहे, म्हणून ते हलत नाही," तो म्हणाला. "मी तरी चाळीस वर्षं दुसरं काय केलं?" मग मध्येच विचारतो, "वाफल झाला हे मिटलेला तवा न उघडता तुला कसं कळतं गं?"

"आवाजावरून. चुरचुर थांबली की झाला."

त्याने दुर्बीण खाली घेतली. "अकरा वर्षं तुझ्या हातचं खातोय, आणि हे मला माहीत नव्हतं!"

संध्याकाळी (ऊन तसंच होतं, इथे उन्हाळ्यात ते मावळतंय कुठे) अस्वलाने जांभई दिली, गोळ्यावर लघवी केली आणि पोहत निघून गेलं. गोळा धुतला कुणी, ते विचारू नकोस. पेटी उघडली तर आतून कोरडी ठणठणीत! आयलर्टने कानावरचं यंत्र आधी माझ्याच कानांना लावलं. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी गंजलेलं फाटक हळूच ढकलावं तसा सूर, मग गाय हंबरावी तसा, आणि पुन्हा तेच फाटक, अगदी तस्सं. मी हसायला लागले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो सारखा विचारत होता, "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" जसं काही मला कळणार होतं.

अजून दोन दोर काढायचे आहेत. गुडघ्याला जप, जिना टाळ.

तुझी,
योरुन

ता. क. आईपुढे आयलर्टचं नाव काढू नकोस.

ता. क. पुन्हा. खरं तर काढच, त्यासाठीच हे पत्र. परतल्यावर सतरा तारखेला ट्रॉम्सोत आमचं लग्न आहे. आई ऐंशीची झाली तरी फक्त तुलाच घाबरते, शेवटी तू तिची थोरली नणंद. ह्यांना भांडी छान घासता येतात, हे आधी सांग. मोज्यांचं नंतर.

ता. क. शेवटचा. मागणी मी घातली, काल मंगळवारी. तेव्हा यंत्र ह्यांच्या कानावर होतं, म्हणून दुसऱ्यांदा ओरडून घालावी लागली आणि ती अख्ख्या जहाजाने ऐकली. कप्तानाची बहीण आईच्या शेजारीच राहते आणि तो तिला दर रविवारी जहाजावरून फोन करतो. हे पत्र ई-मेलने आजच पोचेल, तेव्हा आत्या, गुडघा कसाही असो, शनिवारच्या आत जिना उतर.